सोयाबीनचा पडलेला भाव आणि आरसेपचं उघडं दार : इंदूरमधल्या अकरावीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला इंदूरमधल्या एका शाळेत अकरावी वाणिज्यच्या मुलांना एक पानाचं टिपण देण्यात आलं. वर धड्याचं नाव नव्हतं, आत व्याख्या नव्हत्या, खाली सोडवायला प्रश्न नव्हते. मजकूर थोडक्यात असा होता :

"माळव्यात सोयाबीनची कापणी तोंडावर आली आहे. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे, पण अनेक मंड्यांमध्ये बोली चार हजारांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली थांबते आहे. दुसरीकडे देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यातलं बरंचसं इंडोनेशिया व मलेशियाचं पाम तेल असतं. हे दोन्ही देश आरसेप या व्यापारगटात आहेत. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या गटाच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, पण त्याच्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे. तुम्ही वाणिज्य मंत्रालयाला सल्ला देणारा गट आहात. भारताने आत जावं का? गेला तर माळव्यातल्या सोयाबीनचं काय होईल?"

हे टिपण तयार करताना मी शिक्षिकेबरोबर होतो आणि पुढचे सगळे तास मागच्या बाकावर बसून नोंदी घेत होतो. टिपणात एक गोष्ट मुद्दाम पेरलेली होती. सोयाबीनचा भाव आणि आरसेप यांच्यात सरळ नातं आहे असं ते वाचून वाटतं. ते नातं तितकं सरळ नाही. हे मुलांना कुणी सांगायचं नाही, त्यांनी शोधायचं, असं आमचं ठरलं होतं.

वर्गाबद्दल थोडं. शाळा मराठी मंडळींनी चालवलेली. काही मुलांची घरं होळकरांच्या काळापासून इथली, काहींचे वडील बँकेच्या किंवा कारखान्याच्या नोकरीमुळे आलेले. शिकवणं हिंदीत चालतं, गट करून बसली की मराठी घरातली मुलं आपसांत मराठी बोलतात आणि मंडीचा विषय निघाला की सगळ्यांच्याच तोंडी माळवी येते. एकीचे मामा देवासकडे सोयाबीन घेतात. एकाच्या वडिलांचं नमकीनचं दुकान आहे, म्हणजे त्याच्या घरचा तेलाचा खर्च डब्यांत मोजला जातो. एकाचे काका महूच्या वाटेवर कोंबड्या पाळतात. असा वर्ग मिळाल्यावर हा विषय पुस्तकातून शिकवणं मला अन्यायाचं वाटलं असतं.

सोयाबीन निवडण्यामागेही कारण होतं. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत माळव्यातली काळी जमीन पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर पडीक राहायची आणि रब्बीत गहू किंवा हरभरा घेतला जायचा. त्या पडीक खरिपात सोयाबीन शिरलं आणि दोन दशकांत 'पीला सोना' झालं. या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरला आहे, तेलगिरण्यांची देशव्यापी संघटना सोपा हिचं कार्यालय इंदूरला आहे, आणि इथले प्लांट भाव, म्हणजे गिरण्या सोयाबीनला देतात तो दर, देशभरचे व्यापारी पाहतात. जागतिक व्यापाराचा प्रश्न या शहरात घरापर्यंत आलेला आहे.

समस्येतून शिकणं म्हणजे काय, आणि शंका कुठे आहे

ही पद्धत शाळेत जन्मली नाही. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम सुरू केला. आधी दोन वर्षं शरीरशास्त्र आणि मग रुग्ण, हा क्रम त्यांनी उलटा केला. विद्यार्थ्यांपुढे आधी रुग्णाची तक्रार, मग तिच्यामागचं शास्त्र. हॉवर्ड बॅरोज यांचं नाव या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने ती उचलली आणि हळूहळू ती शाळांमध्ये आली.

तिच्या बाजूने आणि विरुद्ध भरपूर लिहिलं गेलं आहे. फिलिप दोशी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात फायदा स्पष्ट दिसला, नुसत्या माहितीच्या बाबतीत मात्र किंचित तोटा. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी तर सरळ हल्लाच चढवला : नवख्या मुलाच्या स्मृतीत एका वेळी थोडंच मावतं, त्याला समस्येत ढकलून दिलं तर तो शोधण्यातच दमतो आणि शिकणं राहून जातं. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की चांगल्या समस्याधारित वर्गात मार्गदर्शन कमी नसतं, ते वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात असतं.

आमच्या विषयाला सगळ्यात जवळचं काम अर्थशास्त्राचं आहे. अमेरिकेत मर्गेनडॉलर आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांतल्या अर्थशास्त्राच्या वर्गांची तुलना केली आणि समस्येतून शिकलेल्या मुलांचं ज्ञान जास्त वाढलेलं त्यांना आढळलं. नंतर २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या शाळांवर, शिक्षकांची यदृच्छेने विभागणी करून, मोठा प्रयोग झाला. त्यातही निष्कर्ष अनुकूल निघाला. पण तिथल्या शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलेलं होतं आणि हातात तयार साहित्य होतं, ही गोष्ट मी कधी विसरत नाही. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्याबद्दल बरंच चांगलं लिहिलं आहे. शिक्षकाच्या हातात तयार समस्या मात्र क्वचितच पडते.

पहिला आठवडा : सगळे विरोधात

वर्गाचे पाच गट केले : शेतकरी, तेलगिरणी, कोंबडीपालक, घरगुती ग्राहक आणि नमकीनवाले, आणि वाणिज्य मंत्रालय. पहिल्याच दिवशी मत घेतलं. मंत्रालयाचा गट सोडता जवळपास सगळ्यांचं उत्तर 'आत जाऊ नये' असं आलं. कारण एकच : स्वस्त तेल येईल, सोयाबीन मरेल. मंत्रालयाच्या गटातल्या एका मुलाने मात्र विचारलं, "ब्रिक्समध्ये तर आपण आहोतच की. मग हा गट वेगळा कसा?"

हा प्रश्न फार मोलाचा होता. मुलांच्या डोक्यात 'आंतरराष्ट्रीय गट' हा एकच डबा होता. ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंच्या ब्रिक्स गटात शिरणाऱ्या देशाला जकात कमी करावी लागत नाही. तिथे राजकीय सल्लामसलत आहे, विकास बँक आहे, पण परस्परांच्या मालासाठी सवलतीची यादी नाही. म्हणूनच अर्जेंटिनाला २०२३ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आमंत्रण मिळाल्यावर नव्या सरकारने एका पत्राने ते नाकारलं, आणि देशाच्या आयातशुल्कात त्याने काहीही हललं नाही. आरसेप हा पूर्ण वेगळा प्रकार. २०१२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा सोळा देश होते : आसियान या आग्नेय आशियाई गटाचे दहा, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने नाही म्हटलं. उरलेल्या पंधरांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. त्यात प्रत्येक वस्तूसाठी शुल्क किती वर्षांत किती उतरवायचं याची तक्ते भरून यादी आहे.

शिक्षिकेने हे लगेच सांगितलं नाही. तिने त्या मुलालाच दोन्ही गटांचे सदस्य लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो यादी घेऊन आला आणि फळ्यावर लिहिता लिहिता तेलगिरणी गटातली एक मुलगी म्हणाली, "अरे, ब्राझील कुठाय यात? अर्जेंटिना कुठाय?"

वर्गाचा पहिला खांब तिथे हलला. जगात सोयाबीनचे मोठे उत्पादक म्हणजे ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना. सोयाबीन तेल आणि पेंड यांच्या निर्यातीत अर्जेंटिना अव्वल. यातलं कुणीही आरसेपमध्ये नाही. आरसेपमधला सगळ्यात मोठा देश चीन, आणि तो तर जगातला सर्वांत मोठा सोयाबीन खरेदीदार. म्हणजे माळव्याच्या सोयाबीनचा थेट स्पर्धक त्या दारामागे उभाच नाही. पाम तेल मात्र आहे, असं शेतकरी गट म्हणाला, आणि वाद तिथे अडकला.

१४ सप्टेंबर

गणपती बसले होते. मुलं निम्मी मंडपात, निम्मी वर्गात. अशात १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर शून्याचं २० टक्के झालं, शुद्ध तेलावर साडेबाराचं साडेबत्तीस. अधिभार धरून कच्च्या तेलावरचा बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला.

आम्ही ठरवूनही इतकी चांगली घटना घडवू शकलो नसतो. शेतकरी गट खूश झाला. नमकीनवाल्यांच्या गटातला मुलगा घरची बातमी घेऊन आला की वडिलांनी तेलाच्या व्यापाऱ्याला दोनदा फोन केला. आणि कोंबडीपालकांच्या गटातून शांतपणे प्रश्न आला : "सरकारने एका रात्रीत वाढवलं ना? मग हे आधी का नाही केलं? कुणी अडवलं होतं?"

या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच. वर्गाने गृहीत धरलं होतं की गटात शिरणं म्हणजे आपले हात बांधून घेणं. पण भारत पाम तेलाच्या बाबतीत इंडोनेशिया आणि मलेशियाशी आधीच बांधलेला आहे. आसियानबरोबरचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्या करारातली कमाल मर्यादा पायरीपायरीने उतरत कच्च्या पाम तेलासाठी ३७.५ टक्के आणि शुद्ध तेलासाठी ४५ टक्के इथे येऊन थांबली. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेलं शुल्कही या मर्यादेच्या खालीच होतं. त्याआधीचं शून्य तर कोणत्याही कराराने मागितलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये महागाई आवरण्यासाठी आपल्याच सरकारने ते स्वतःहून केलं होतं.

मंत्रालयाच्या गटाने दोन रकाने आखले : 'करार किती लावू देतो' आणि 'आपण किती लावलं'. फळ्यावर ते दोन रकाने शेजारी शेजारी आले तेव्हा वर्ग बराच वेळ नुसता बघत राहिला. मामा सोयाबीन घेतात ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मग भांडण आसियानशी नाहीच. भांडण आमच्या मामांचं आणि यांच्या नमकीनचं आहे."

मला हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मोठं वाटतं. शून्य शुल्काचा फायदा स्वयंपाकघराला आणि तळणाऱ्यांना, तोटा शेताला. हा देशातल्या देशात केलेला निवाडा आहे आणि त्याचं खापर बाहेरच्या गटावर फोडणं सोपं असतं.

सांगण्याची वेळ

तरीही मुलं एका जागी ठार अडकली. जागतिक व्यापार संघटनेत भारताने पाम तेलासाठी ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे, सोयाबीन तेलासाठी मात्र ४५ टक्क्यांपर्यंतच. हे आकडे एका गटाने शोधून आणले आणि त्यांना वाटलं, आसियान करारातले ३७.५ चूक असणार. दोन दिवस ते दोन कागदांपैकी खरा कोणता हे ठरवण्यात गेले.

इथे शिक्षिकेने काम थांबवून सरळ शिकवलं. खडू घेऊन तीन ओळी : सगळ्या जगाला दिलेली कमाल मर्यादा, एका गटाला दिलेली त्याहून खालची मर्यादा, आणि प्रत्यक्षात आज लावलेला दर. तिसरी ओळ पहिल्या दोन्हींच्या खाली कुठेही फिरू शकते. अर्धा तास लागला नसेल. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि विसरली असती. त्या दिवशी ते सांगणं तहानलेल्याला पाणी दिल्यासारखं पोचलं.

डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रान्सफर्ड यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ज्या विद्यार्थ्यांनी आधी वेगवेगळी उदाहरणं ताडून पाहिली आणि मग व्याख्यान ऐकलं, ते नव्या प्रसंगाचा अंदाज बांधण्यात पुढे निघाले. धड्याचा सारांश लिहून मग व्याख्यान ऐकणारे मागे राहिले, आणि उदाहरणं दोनदा पाहूनही व्याख्यान न ऐकणारेही मागे राहिले. मनू कपूर यांचं सिंगापूरमधलं कामही याच दिशेचं : आधी झगडा, मग शिकवणं. किर्शनर आणि मंडळींची शंका मला म्हणूनच पटते आणि तरीही ती या पद्धतीच्या विरोधातला पुरावा वाटत नाही. नुसतं शोधायला सोडलं तर मुलं दोन कागदांमध्ये हरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण हरवल्यामुळेच त्यांना नकाशा हवासा झाला, हेही पाहिलं.

अशा सरळ शिकवण्याच्या आणखी जागा आल्या. एक होती उगम-नियमांची, म्हणजे माल नेमका कुठल्या देशाचा धरायचा हे ठरवणाऱ्या नियमांची. ग्राहक गटातल्या कुणीतरी वाचलं की नेपाळमधून सोयाबीन तेल येतं. "नेपाळमध्ये सोयाबीन कुठे पिकतं एवढं?" पिकत नाही. सार्क देशांच्या साफ्टा करारानुसार, २००६ पासून, नेपाळचा माल भारतात सवलतीने येतो. बाहेरचं कच्चं तेल तिथे शुद्ध करून इकडे पाठवलं की शुल्क वाचतं, आणि भारताने शुल्क वाढवलं की हा रस्ता आणखी फायद्याचा होतो. काही वर्षी सोयाबीन तेल नेपाळच्या सर्वांत मोठ्या निर्यातींपैकी एक झालं ते यामुळे. मग माल 'नेपाळचा' कधी म्हणायचा? कागदावर अट आहे : ठरावीक टक्के मूल्य तिथे वाढलेलं असावं आणि वस्तूचं शुल्क-शीर्षक, म्हणजे शुल्काच्या यादीतला तिचा वर्ग, बदलावं. २०१९ मध्ये आरसेपच्या टेबलावर भारताची एक मोठी चिंता हीच होती की चिनी माल दुसऱ्या सदस्य देशाच्या नावाने येईल. भैरहवा आणि बीरगंजमार्गे येणाऱ्या तेलाच्या टँकरने ती चिंता मुलांना जितकी समजावली तितकी चीनच्या कुठल्याही उदाहरणाने समजावली नसती.

शंभर किलोचा हिशेब

आता मूळ प्रश्न. शुल्क वाढलं, मग सोयाबीन हमीभावाला का पोचलं नाही? ऑक्टोबर उजाडला तरी मंडीत बोली खालीच होती. केंद्राने सप्टेंबरमध्येच मध्य प्रदेशात हमीभावाने खरेदीला मंजुरी दिली होती आणि शेतकरी संघटना सहा हजारांची मागणी करत होत्या. शेतकरी गटाला हे कोडं स्वतःच्या विजयावर पाणी पडल्यासारखं लागलं.

उत्तर तेलगिरणी गटाकडे होतं. त्यांनी एका प्लांटवर काम केलेल्या शेजारच्या काकांना विचारलं आणि साधा हिशेब आणला. शंभर किलो सोयाबीन दळलं की तेल निघतं साधारण अठरा किलो. ऐंशी किलोच्या आसपास निघते पेंड, व्यापाराच्या भाषेत डीओसी. म्हणजे वजनाने सोयाबीन हे तेलबी कमी आणि पशुखाद्य जास्त आहे. समजा शुल्कामुळे तेल किलोला वीस रुपयांनी चढलं, तर शंभर किलोमागे ३६० रुपये वाढले. पण डीओसी किलोला फक्त पाच रुपयांनी उतरली तरी ४०० गेले. हाती आलेलं तर गेलंच, वर खिशातलेही गेले.

आणि डीओसी उतरत होती. जगात सोयाबीनचं पीक भरघोस होतं, आणि देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा जो चोथा निघतो, डीडीजीएस, तो कोंबडीच्या खाद्यात पेंडीची जागा घेत होता. कोंबडीपालकांच्या गटाने ते लपवलं नाही. "काका तेच घालतात आता. स्वस्त पडतं."

याच गटाने मग २०२१ ची गोष्ट काढली. तेव्हा सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, कुक्कुटपालक हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. शेतकरी गट संतापला, नव्या पिकाच्या तोंडावर आयात म्हणून. कोंबडीपालक गट म्हणाला, दहा हजाराने आमची पिल्लं कोण पोसणार? त्या दिवशीचा वाद तास संपल्यावर जिन्यात चालू राहिला. तोही निवाडा देशातलाच. त्याला कुठल्याही गटाच्या सदस्यत्वाची गरज पडली नव्हती.

इथे मला एक आडवळण घ्यावंसं वाटतं. आमच्याकडे शेतमालाच्या भावाची चर्चा बहुतेक वेळा तेलापाशी किंवा हमीभावापाशी सुरू होऊन तिथेच संपते. पेंडीबद्दल कुणी बोलत नाही. माळव्यातल्या मोठ्या माणसांनाही, ज्यांच्या घरात तीन पिढ्या सोयाबीन घेतलं गेलं, हा ऐंशी किलोचा हिशेब अनेकदा स्पष्ट नसतो. सोळा वर्षांच्या मुलीने तो मामांना फोनवर समजावला, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात ठोस फळ वाटतं.

दुसरे देश

तुलनेसाठी मंत्रालयाच्या गटाला मेक्सिको दिला होता. अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. मका हे तिथलं जिवाभावाचं पीक, म्हणून मक्याला पंधरा वर्षांचं, २००८ पर्यंतचं संरक्षण करारात लिहून घेतलेलं होतं : ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त मका आला तर भारी शुल्क. पण शहरांना आणि खाद्यउद्योगाला स्वस्त मका हवा होता, तेव्हा मेक्सिकोच्या सरकारनेच कोट्याबाहेरच्या मक्यावरचं ते शुल्क वसूल केलं नाही. कागदावर पंधरा वर्षं होती, शेताला ती मिळाली नाहीत. गटाने हे वाचलं आणि लगेच २०२१ च्या आपल्या शून्य शुल्काशेजारी मांडलं. हा दुवा त्यांना कुणी सुचवला नव्हता.

व्हिएतनामवर वेळ कमी मिळाला. १९९५ मध्ये आसियान, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटना, मग आरसेप आणि इतर करार, असा चढत गेलेला देश. निर्यात प्रचंड वाढली, पण तिच्यातला मोठा वाटा परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांचा. मुलांनी एवढंच नोंदवलं, आणि तितकं पुरे होतं.

सल्ला काय दिला

गटांनी शेवटी दोन पानांचं निवेदन लिहिलं. आरसेपबद्दल एकमत झालं नाही. दोन गट अजूनही विरोधात होते, पण कारण बदललं होतं. त्यांच्या निवेदनात आता चीनबरोबरची व्यापारतूट होती, न्यूझीलंडच्या दुधाची भुकटी होती, आणि २०१४ ऐवजी २०१९ हे पायाभूत वर्ष धरावं ही भारताने केलेली मागणी होती. पायाभूत वर्ष म्हणजे ज्या वर्षीच्या शुल्कापासून कपात मोजायची ते. मधल्या काळात भारताने अनेक वस्तूंवर शुल्क वाढवलं असल्याने जुनं वर्ष धरलं तर कपात खोल जाते. हे मुलांनी स्वतः उलगडून लिहिलं. सोयाबीनबद्दल मात्र सगळ्या गटांनी थोड्याफार फरकाने एकच म्हटलं : आत जा किंवा बाहेर राहा, या पिकाचा भाव त्यावर ठरणार नाही, पेंडीच्या बाजारावर आणि आपण स्वतः लावतो त्या शुल्कावर ठरेल.

पहिल्या दिवशीचा प्रश्न होता 'जावं की नाही'. शेवटच्या दिवशी मुलं विचारत होती 'कुठल्या मालासाठी, किती वर्षांत, कुणाच्या खर्चाने आणि उगम कोण तपासणार'. या विषयात शिकणं म्हणजे माझ्या मते प्रश्नाचा हा बदल. एकाच बाजूने बसून तो होत नाही. पाच गटांना पाच जागी बसवलं म्हणून झाला.

परीक्षेत काय उतरलं आणि काय उतरलं नाही

महिनाभराने शिक्षिकेने लेखी चाचणी घेतली. त्यात सोयाबीन नव्हतं, दूध होतं : न्यूझीलंडबरोबर करार झाला तर काय तपासाल? बहुतेक मुलांनी आपणहून आधी विचारलं की दुधाचा कुठला पदार्थ, सध्याचं शुल्क किती आणि कमाल मर्यादा किती. ही बाजू भक्कम निघाली.

कमकुवत बाजूही दिसली. तेलगिरणी गटातल्या मुलांना दळणाचा हिशेब तोंडपाठ होता, पण उगम-नियमाच्या प्रश्नाला ती गडबडली. ग्राहक गटाचं उलट झालं. जो गट जे शोधतो तेच त्याचं होतं, बाकी ऐकीव राहतं. वाटून घेतलेल्या कामाची ही जुनी अडचण आहे आणि दोशींच्या अभ्यासात माहितीच्या बाजूने जो किंचित तोटा दिसला त्याच्याशी ती जुळते. शिवाय काही शांत मुलं गटाच्या निवेदनाआड लपून राहिली. चाचणी नसती तर ते कळलंही नसतं.

वेळेचा प्रश्न खरा आहे. सहामाही तोंडावर असताना एका विषयाला इतके दिवस देणं पालकांना पटवावं लागलं. दोघा-तिघांनी स्पष्ट विचारलं की यातलं बोर्डाला किती येणार. शिक्षिकेने त्यांना मुलांची निवेदनं वाचायला दिली. एक वडील, जे स्वतः छावणी मंडीत व्यापार करतात, निवेदन वाचून दुसऱ्या दिवशी परत आले आणि डीओसीच्या आकड्यातली एक दुरुस्ती सांगून गेले. सगळ्या पालकांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या तुकडीसाठी

टिपण बदललं आहे. आकडे जुने झाले : ३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, शुद्ध तेलाचं तसंच राहिलं. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ झाला आणि मध्य प्रदेशाने भावांतर योजना, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याला देणारी योजना, आणली. कच्च्या आणि शुद्ध तेलाच्या शुल्कातलं अंतर रुंदावलं की देशातल्या शुद्धीकरण कारखान्यांना काम मिळतं. ते अरुंद होतं तेव्हा काय होतं हे २०१९ मध्ये दिसलं होतं : मलेशियाच्या शुद्ध तेलावर ४५ आणि कच्च्यावर ४० टक्के असं पाचच टक्क्यांचं अंतर उरलं, शुद्ध तेलाची आयात उसळली, आणि सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी पाच टक्के संरक्षक शुल्क बसवावं लागलं. नव्या टिपणात हा धागा घातला आहे.

दोन गोष्टी रचनेत बदलल्या. प्रत्येक गटाने निवेदन लिहिण्याआधी एक दिवस दुसऱ्या गटात जाऊन त्यांचा विषय शिकायचा आणि परत येऊन आपल्याला शिकवायचा. आणि तीन मर्यादांचा तो पाठ, उगमाचा पाठ आणि दळणाचा हिशेब हे तिन्ही शिक्षिकेच्या हाती आधीपासून तयार राहतील. ते कधी द्यायचे हे वेळापत्रकात लिहिलेलं नाही, मुलं अडली की द्यायचे. सहावा गटही वाढवला आहे, इथेनॉल कारखान्याचा. डीडीजीएस कुणाचं पीक पाडतो आणि कुणाचं उचलतो, हे मक्यावाल्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघायचं अजून बाकी आहे.